पिन बसते, चित्र दिसत नाही

तंत्रज्ञानाच्या इतिहासावरच्या आपल्या या गप्पांमध्ये आज एक अगदी घरगुती प्रश्न घेऊ.

समजा, घरात जुना व्हीसीआर आहे, कॅसेटाही आहेत. टीव्ही मात्र कधीच भंगारात गेला. टेबलावर कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर आहे. चित्र पाठवणारं एक यंत्र आणि चित्र दाखवणारं दुसरं. बाजारात वायर मिळते, एका टोकाला पिवळी गोल पिन आणि दुसऱ्या टोकाला पंधरा पिनांचा निळा प्लग. तुम्ही ती आणता, दोन्हीकडे नीट बसवता, बटण दाबता, आणि स्क्रीनवर काळोख. फार तर ‘आउट ऑफ रेंज’ अशी पाटी येते. दुकानदार म्हणतो, वायर खराब असेल, दुसरी देतो. दुसरीही तेच करते.

वायरचा यात काही दोष नाही. या दोन यंत्रांमध्ये एक जुनं भांडण आहे आणि ते जवळजवळ पाऊण शतक चाललंय. आज त्या भांडणाची गोष्ट सांगायची आहे. गोष्टीचा गाभा आधीच सांगून टाकतो. पिनचा आकार ही वरवरची बाब आहे. खरा फरक वेळेचा आहे, आणि ती वेळ ज्यांनी ठरवली त्यांनी ती बहुतेक वेळा कोणाला तरी सांभाळून घेण्यासाठी ठरवली होती.

चित्र म्हणजे ताल

जुन्या काचेच्या टीव्हीत संपूर्ण चित्र एकाच वेळी कधीच नसतं. इलेक्ट्रॉनचा एक झोत पडद्याच्या डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, परत डावीकडे येतो, खालची ओळ काढतो. वहीत आपण लिहितो तसंच. पान संपलं की पुन्हा वरच्या कोपऱ्यात. हे इतक्या वेगानं होतं की डोळ्यांना अख्खं चित्र दिसतं.

अमेरिकेच्या पद्धतीत एका चित्रात ५२५ ओळी आणि सेकंदाला ३० चित्रं. युरोपातल्या बहुतेक देशांत आणि आपल्याकडे ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. त्यातही एक युक्ती आहे. आधी एक सोडून एक अशा ओळी काढायच्या, मग मधल्या राहिलेल्या. म्हणजे सेकंदाला अमेरिकेत ६० आणि आपल्याकडे ५० अर्धी चित्रं. ६० आणि ५० हे आकडे कुठून आले? तुमच्या भिंतीतल्या सॉकेटमधून. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, युरोपातली आणि आपली ५० ची. चित्राचा ताल विजेच्या तालाशी जुळवला, की विजेच्या घरघरीमुळे पडद्यावर सरकणारे पट्टे त्रास देत नाहीत.

आता ५२५ ला ३० ने गुणा. सेकंदाला १५,७५० ओळी होतात. ६२५ ला २५ ने गुणा, १५,६२५ होतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. जगातल्या बहुतेक टीव्हींचा झोत सेकंदाला साधारण पंधरा-सोळा हजार ओळी काढत होता.

पण झोताला कसं कळणार की ओळ कधी संपली? त्यासाठी वायरमधून चित्राबरोबर एक खूण येते, तिला सिंक म्हणतात. तबल्यावरची सम समजा. गवई कुठेही फिरून आला तरी समेवर दोघं भेटायला हवेत. एक जण तीनताल वाजवतोय आणि दुसरा झपतालात गातोय, तर दोघं कितीही तयारीचे असले तरी मैफल उभी राहत नाही. ‘आउट ऑफ रेंज’ या पाटीचा अर्थ नेमका तोच आहे. मॉनिटर सांगतोय, या लयीत मला वाजवता येत नाही.

जुन्या ग्राहकाला सांभाळा

अमेरिकेत ५२५ ओळींची कृष्णधवल पद्धत १९४१ मध्ये ठरली. युद्ध संपल्यावर टीव्ही घराघरांत शिरला आणि लगेच प्रश्न आला, रंग कसा आणायचा?

सीबीएस या कंपनीकडे पीटर गोल्डमार्क यांनी बनवलेली पद्धत होती. कॅमेऱ्यासमोर आणि टीव्हीसमोर लाल, हिरव्या, निळ्या काचांचं चाक फिरवायचं. रंग सुरेख दिसायचे. ऑक्टोबर १९५० मध्ये सरकारी आयोगाने याच पद्धतीला मान्यता दिली आणि जून १९५१ मध्ये प्रक्षेपण सुरूही झालं. पण तिचा ताल वेगळा होता. लोकांच्या घरी असलेल्या लाखो कृष्णधवल टीव्हींना ते रंगीत कार्यक्रम काळ्या-पांढऱ्यातही दाखवता येत नव्हते. ऑक्टोबर १९५१ मध्ये हे प्रक्षेपण बंद पडलं.

मग आली आरसीए आणि इतर कंपन्यांच्या अभियंत्यांनी मिळून बसवलेली पद्धत, एनटीएससी. डिसेंबर १९५३ मध्ये तिला मान्यता मिळाली. तिची मुख्य अट एकच, जुना टीव्ही बंद पडता कामा नये. म्हणून उजेड-अंधाराचं जुनं चित्र होतं तसंच ठेवलं आणि रंगाची माहिती त्याच लहरीत, त्याच्याच फटींमध्ये बसवली. तुडुंब भरलेल्या लोकलमध्ये अजून चार माणसं सामावून घ्यावीत, तसं. जुना टीव्ही रंगाकडे दुर्लक्ष करून काळं-पांढरं चित्र दाखवायचा, नवा टीव्ही दोन्ही वेगळं करून रंगीत दाखवायचा.

याची किंमत दोन प्रकारे मोजली. एक, उजेड आणि रंग एकाच वायरमध्ये मिसळले की पुन्हा पूर्ण वेगळे होत नाहीत. बातमी वाचणाऱ्याच्या बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुष्य सळसळताना दिसायचं, ते याचंच फळ. दोन, रंगाच्या लहरीची आवाजाच्या लहरीशी टक्कर होऊ नये म्हणून सगळा वेग हजारात एका हिश्श्याने कमी करावा लागला. ६० चे ५९.९४ झाले, १५,७५० च्या ओळी सुमारे १५,७३४ झाल्या. ५९.९४ हा वेडावाकडा आकडा आजच्या कॅमेऱ्यांच्या मेनूमध्येसुद्धा दिसतो. तो १९५३ मधल्या जुन्या टीव्हीवाल्यांना सांभाळून घेण्याचा हिशोब आहे.

ती पिवळी पिन हेच मिसळलेलं चित्र वाहून नेते. उजेड, रंग आणि सिंक, सगळं एका तारेत. म्हणून तिला कंपोझिट म्हणतात.

काचेत साठवलेली एक ओळ

एनटीएससीत रंगाची छटा वाटेत बिघडायची. हिरवट चेहरे पाहून तंत्रज्ञ तिच्या आद्याक्षरांचा अर्थ ‘नेव्हर द सेम कलर’ असा लावायचे. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीतल्या वाल्टर ब्रुख यांनी यावर उपाय काढला. एका ओळीतली रंगाची दिशा पुढच्या ओळीत उलटी करायची. मग लागोपाठच्या दोन ओळी एकत्र केल्या की चूक चुकीला खाऊन टाकते. ही पाल पद्धत. पश्चिम जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये ती १९६७ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी फ्रान्सने आंरी द फ्रान्स यांची वेगळी पद्धत घेतली, सेकॅम. युरोपातच दोन गट पडले.

पालमध्ये एक गंमत आहे. मागची ओळ पुढच्या ओळीत मिसळायची, तर ती थोडा वेळ कुठेतरी धरून ठेवायला हवी. एक ओळ म्हणजे ६४ मायक्रोसेकंद. तेव्हा स्वस्त मेमरी चिप नव्हत्या. म्हणून सिग्नलचं रूपांतर काचेच्या तुकड्यात फिरणाऱ्या कंपनांमध्ये करायचे. कंपनं काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बरोबर तेवढा वेळ जायचा. आपल्या घरी आलेल्या रंगीत टीव्हींमध्ये काचेचा असा एक छोटा तुकडा असायचा. एक ओळ क्षणभर धरून ठेवण्याची ही कल्पना लक्षात असू द्या, आपल्या आजच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं. वीज ५० आवर्तनांची, त्यामुळे ६२५ ओळी आणि ५० अर्धी चित्रं हे आपलं माप ठरलेलंच होतं. १९८२ मध्ये रंग आला, १५ ऑगस्टच्या प्रक्षेपणाने आणि त्यानंतर नोव्हेंबरमधल्या दिल्लीच्या आशियाई खेळांनी. आपण पाल घेतलं, आणि कृष्णधवल टीव्ही असलेल्या लाखो घरांचं नुकसान झालं नाही. अप्पू हत्ती ज्यांनी काळ्या-पांढऱ्यात पाहिला त्यांनाही तो दिसला, हे त्या पद्धतीचं श्रेय आहे.

पण सगळ्यांना सांभाळणारी ही पद्धत देशांच्या सीमांपाशी अडायची. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या घरांनी याचा अनुभव घेतला. नागपुरात, इंदूरला किंवा बडोद्याला धाकट्याचं लग्न व्हायचं आणि न्यू जर्सीतल्या थोरल्याला व्हीएचएस कॅसेट पाठवली जायची. कॅसेटचा आकार तोच, ती त्याच्या व्हीसीआरमध्ये अगदी बरोबर बसायची. चित्र मात्र धड उभं राहायचं नाही. कॅसेट पालची, व्हीसीआर एनटीएससीचा. मग कोणीतरी ‘कन्व्हर्ट’ करून देणारं दुकान शोधायचं. पिन बसते पण चित्र दिसत नाही, याचा हा घराघरांतला पहिला धडा.

कॉम्प्युटर मागच्या दाराने येतो

घरगुती कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा पडदा नव्हता. मॉनिटर महाग, टीव्ही घरात होताच. म्हणून ते टीव्हीची भाषा शिकून आले. १९८२ चा सिंक्लेअर स्पेक्ट्रम टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जोडायचे, जणू तो एक छोटं प्रक्षेपण केंद्रच होता. १९७७ च्या ॲपल टूमध्ये स्टीव्ह वॉझनियॅकने एनटीएससीच्या दोषालाच कामाला लावलं. बारीक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांना टीव्ही चुकून रंग समजतो, तर त्याच चुकीतून फुकट रंग काढायचे. युक्ती बिनतोड, पण पालच्या देशांत ती चालेना. तिथे विकलेल्या ॲपलला रंगासाठी वेगळं कार्ड घालावं लागे.

आपल्या शाळांपर्यंत पोचलेलं यंत्र होतं बीबीसी मायक्रो. ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ मध्ये बीबीसीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी बनवलं. भारत सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४ पासून ते आपल्या शाळांमध्ये आलं. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सचं ‘युनिकॉर्न’ हे त्याचंच भारतीय रूप. त्या काळात शाळेत असलेल्या वाचकांपैकी काहींची बोटं पहिल्यांदा त्याच कीबोर्डवर पडली असतील.

या यंत्राची पाठ पाहिली की सगळा इतिहास ओळीने मांडलेला दिसतो. चित्रासाठी तिथे तीन भोकं आहेत. पहिल्यातून टीव्हीच्या अँटेनाला जाणारा सिग्नल, दुसऱ्यातून कंपोझिट, आणि तिसऱ्यातून लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांवर आणि सिंक चौथ्या तारेवर. पहिल्याकडून तिसऱ्याकडे जाल तसं चित्र स्वच्छ होत जातं, कारण मिसळणं कमी होत जातं. तिसऱ्या भोकापर्यंत गेलं की अक्षरं काचेसारखी स्पष्ट. पण ताल तिन्हींचा एकच, टीव्हीचाच, सेकंदाला १५,६२५ ओळी.

टीव्हीचा पगडा किती होता पाहा. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. ते टीव्हीला जोडायचं खेळणं नव्हतं, कचेरीत वापरायचं यंत्र होतं. तरी त्याच्या आतला मुख्य स्फटिक १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा होता. का? रंगीत टीव्हीतली रंगाची लहर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झची, तिची ही बरोबर चौपट. याच आकड्याला तीनने भागलं की ४.७७ मिळतात, आणि तोच त्या पीसीच्या प्रोसेसरचा वेग. जगातल्या सगळ्यात यशस्वी कॉम्प्युटरचं हृदय १९५३ मध्ये ठरलेल्या टीव्हीच्या तालावर धडधडत होतं.

कचेरीतलं वेगळं बिऱ्हाड

मग ताटातूट कशी झाली? वाचण्यामुळे.

टीव्ही लांबून बघायचा असतो, कॉम्प्युटर हातभर अंतरावरून. पत्र लिहायचं, जमाखर्च मांडायचा तर एका ओळीत ऐंशी अक्षरं हवीत. कंपोझिटमधून एवढी अक्षरं पाठवली की ती एकमेकांत मिसळतात, दहा मिनिटांत डोळे चुरचुरतात. म्हणून आयबीएमने पहिल्याच दिवशी दोन वेगळी कार्डं दिली. रंगांचं सीजीए, टीव्हीच्या तालावर चालणारं. आणि फक्त अक्षरांचं एमडीए, सेकंदाला सुमारे १८,४३२ ओळींचं. एमडीएचा मॉनिटर टीव्हीला अजिबात ओळखत नव्हता. त्याला चुकीचा ताल दिला तर त्यातले भाग तापून बिघडण्याचा धोका होता. जुन्या लॅबमध्ये ‘कार्ड बदलण्याआधी मॉनिटर बघा’ असा दम उगाच देत नसत.

या मॉनिटरवर चित्रं मात्र काढता येत नव्हती, फक्त ठरलेली रोमन अक्षरं. ही भिंत एका थाई माणसाने फोडली. व्हॅन सुवन्नुकुल अमेरिकेत शिकत होते आणि त्यांना आपला प्रबंध थाई लिपीत टाइप करायचा होता. थाईला वर-खाली चिन्हं लागतात, आपल्या मात्रा-उकारांसारखी. त्यासाठी पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हाताळता यायला हवा. त्यातून १९८२ मध्ये हर्क्युलिस कार्ड आलं. त्यांनी ताल बदलला नाही. एमडीएचाच मॉनिटर ठेवला, त्यातच ७२० गुणिले ३४८ ठिपके उघडे केले. रोमनपलीकडच्या लिप्यांना मॉनिटर हवा होता तो अशा बारकाईसाठी. देवनागरीचीही गरज तीच.

१९८४ मध्ये ईजीए आलं, त्याच्या वरच्या पायरीवर सुमारे २१,८५० ओळींचा तिसरा ताल. प्रत्येक कार्डाचा ताल निराळा, प्रत्येकाला आपापला मॉनिटर. टीव्हीवाल्यांच्या तीन पद्धतींवर हसणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांनी स्वतः पाच-सहा वर्षांत तेवढाच गोंधळ घातला. वेगवेगळे ताल ओळखणारे ‘मल्टिसिंक’ मॉनिटर मग बाजारात आले ते या गोंधळावरचं औषध म्हणून.

एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए आणलं. पंधरा पिनांचा प्लग, तीन रंगांना तीन तारा, आडव्या आणि उभ्या सिंकला दोन वेगळ्या तारा. ६४० गुणिले ४८० ठिपके. आणि ताल? सेकंदाला सुमारे ३१,४६९ ओळी.

या आकड्याकडे नीट बघा. टीव्हीच्या १५,७३४ ची ही दुप्पट आहे. व्हीजीएच्या या चित्रात न दिसणाऱ्या ओळी धरल्या तर एकूण ओळी ५२५ भरतात, आणि सेकंदाला ५९.९४ चित्रं. म्हणजे आयबीएमने घर बदललं पण कुळाचार नेला. अमेरिकी टीव्हीचंच माप घेतलं, फक्त अर्ध्या-अर्ध्या चित्रांची युक्ती सोडून प्रत्येक वेळी सगळ्या ओळी काढल्या, म्हणून वेग दुप्पट झाला. तुटलेली नाती अशीच असतात, चेहरेपट्टीवरून कळतात.

आणि इथेच आपला सुरुवातीचा काळोख समजतो. मॉनिटरवाल्यांना जुन्या ग्राहकाला सांभाळायचं नव्हतं. पन्नास साली विकलेला मॉनिटर कोणाच्या घरी नव्हताच. त्यांनी मोकळेपणानं स्वच्छ पद्धत बनवली आणि खालचा, पंधरा हजारांचा ताल ऐकणं पुढे बहुतेक मॉनिटरांनी सोडूनच दिलं.

मग जोडायचं कसं?

आता शाळेच्या माळ्यावरचा बीबीसी मायक्रो आणि एक व्हीजीए मॉनिटर घेऊ. अडचणी तीन.

पहिली, विजेचा दाब. बीबीसीच्या रंगांच्या तारांवर पाच व्होल्टपर्यंतचा दाब असतो, रंग एकतर चालू नाहीतर बंद. व्हीजीएला ०.७ व्होल्टपर्यंतचा, कमी-जास्त होणारा दाब हवा. हे काही आण्यांच्या रेझिस्टरने सुटतं. दुसरी, सिंक. इकडे एका तारेवर, तिकडे दोन तारांवर. छोटंसं सर्किट ते वेगळं करतं.

तिसरी अडचण खरी, ताल. पंधरा हजारांचे एकतीस हजार कसे करायचे? वायरने ते होणार नाही, कारण वायरला आठवण नसते. इथे ब्रुख यांची काच आठवा. एक ओळ आली की धरून ठेवायची. ती यायला ६४ मायक्रोसेकंद लागले. मग तीच ओळ ३२ मायक्रोसेकंदांत मॉनिटरला द्यायची, आणि पुढच्या ३२ मध्ये पुन्हा तीच द्यायची. मॉनिटरला दुप्पट ओळी मिळाल्या, ताल जुळला. याला स्कॅन डबलर म्हणतात. काचेच्या जागी आता मेमरी चिप आहे, एवढाच फरक. तरीही आपल्या ५० च्या चित्रात एक मेख उरते. काही मॉनिटरांना सेकंदाला ६० पेक्षा कमी चित्रं मान्यच नसतात. मग एक ओळ धरून भागत नाही, अख्खं चित्र धरून ६० च्या तालावर पुन्हा द्यावं लागतं.

व्हीसीआर असेल तर त्याआधी एक पायरी वाढते. पिवळ्या पिनेतला मिसळलेला रंग आधी वेगळा काढावा लागतो. शिवाय टेप कधीच एकसारख्या वेगाने पळत नाही. जुना टीव्ही डुगडुगणारा ताल सांभाळून घ्यायचा, कॉम्प्युटरची कार्डं बऱ्याचदा हात वर करतात. त्यासाठी मधे प्रत्येक ओळ धरून, वेळ सरळ करून पुढे पाठवणारं यंत्र लागतं. म्हणून मधला डबा हवा. त्या डब्यातलं काम एकच, आठवण ठेवणं.

भाषांतरात काय हरवतं

आता जरा मोठ्या पटावर जाऊ, कारण या मधल्या डब्याने मोठा इतिहास घडवला आहे, आणि थोडा हरवलाही आहे.

२ जून १९५३ ला लंडनमध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. ब्रिटनचा टीव्ही ४०५ ओळींचा, फ्रान्समध्ये ८१९ ओळी, जर्मनीत ६२५. तरी सोहळा युरोपात थेट दिसला. कसा? एका पद्धतीच्या पडद्यासमोर दुसऱ्या पद्धतीचा कॅमेरा उभा करून. सिनेमाच्या पडद्यासमोर मोबाईल धरावा, तसंच. चित्र धूसर झालं, पण पोचलं.

१९६९ च्या जुलैमध्ये हीच युक्ती चंद्राच्या बाबतीत वापरली. अपोलो ११ च्या यानातून येणारं चित्र ३२० ओळींचं आणि सेकंदाला फक्त दहा चित्रांचं होतं, कारण चंद्रावरून जास्त माहिती पाठवायला वावच नव्हता. जगातला कोणताच टीव्ही ते दाखवू शकत नव्हता. म्हणून ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रांवर ते खास मॉनिटरवर उमटवलं आणि समोर साधा टीव्ही कॅमेरा लावला. जगाने पाहिलं ते हे दुसऱ्या हातचं चित्र. आपल्याकडे तर तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत होता. बहुतेकांनी चंद्रावरचं पाऊल रेडिओवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पाहिलं.

केंद्रांवर मूळ चित्र टेपांवर साठवलं जात होतं, आणि ते जगाने पाहिलेल्या चित्रापेक्षा स्वच्छ होतं. पुढे नासाने त्या टेपांचा शोध घेतला. २००९ मध्ये निष्कर्ष सांगितला, त्या बहुधा पुसून दुसऱ्या कामासाठी वापरल्या गेल्या. चाळिसाव्या वर्षाला जी सुधारलेली प्रत प्रसिद्ध केली ती टीव्हीवर गेलेल्या धूसर नकलांवरूनच बनवावी लागली. माणसाच्या पहिल्या चंद्रपावलांचं उत्तम चित्र आज उपलब्ध नाही. कारण कोणाला तरी वाटलं, नक्कल आहे ना, मग मूळ कशाला?

माळ्यावरच्या कॅसेटा

हे वाक्य आपल्या घराघरांत रोज बोललं जातं. बारशाच्या, मुंजीच्या, लग्नाच्या कॅसेटा माळ्यावर आहेत. त्यात आजोबांचा आवाज आहे, पाडून टाकलेल्या वाड्याचं अंगण आहे, नाट्यमंडळाच्या त्या एकाच प्रयोगाचं चित्रण आहे ज्याचा दुसरा पुरावा कुठेच नाही. कोकण-मुंबईच्या दमट हवेत टेपेवर पांढरी बुरशी चढते. आणि यंत्रं संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि मॉनिटर-लॅपटॉप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी व्हीजीए २०१५ पर्यंत बंद करण्याचं जाहीर केलं. ज्या दोन यंत्रांचं भांडण आपण पाहिलं, ती दोन्ही आता निघून चालली आहेत. दोघांमध्ये उभा राहणारा डबा बनवणारेही कमी होत जाणार.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. पहिली, कॅसेट उतरवून घ्यायची असेल तर मधे आठवण ठेवणारं यंत्र असल्याची खात्री करा, नुसत्या वायरवर पैसे घालवू नका. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं भोक असेल तर पिवळ्या पिनेऐवजी ते वापरा. तिथे उजेड आणि रंग वेगळ्या तारांवर असतात, म्हणजे १९५३ ची ती तडजोड निदान त्या शेवटच्या टप्प्यात टळते. दुसरी, आपल्या कॅसेटा पालच्या असतील तर सेकंदाला ५० अर्धी चित्रं तशीच जपणारी प्रत मागा. अमेरिकेतल्या नातवासाठी ६० ची प्रत वेगळी करता येईल. ५० चे ६० केले की ते पुन्हा धडपणे ५० होत नाहीत. आणि तिसरी, प्रत झाली म्हणून कॅसेट फेकू नका. उद्या याहून चांगला डबा येईल, तेव्हा त्याच्या पुढ्यात ठेवायला मूळ हवं.

इतिहासात आपण बखरी आणि कागदपत्रं जपण्याबद्दल पुष्कळ बोलतो. मोडी वाचणारा माणूस उरला नाही तर रुमालात बांधलेली दप्तरं मुकी होतात, हे आपल्याला माहीत आहे. कॅसेट हीसुद्धा एक लिपी आहे, ६२५ ओळींची, ६४ मायक्रोसेकंदांच्या तालात लिहिलेली. ती वाचणारी यंत्रं अजून चालू आहेत, तोवर वाचून घेऊ.

तुमच्या घरात, शाळेत किंवा मंडळात असं एखादं जुनं यंत्र किंवा चित्रण असेल, तर आम्हाला जरूर कळवा.